मोडलेल्या हाडाचा पत्ता

सत्तरीतल्या एखाद्या बाईंच्या खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, सांधा बदलतात किंवा पट्टी-स्क्रू बसवतात, काही आठवडे अंथरूण आणि नंतर वॉकर. ते हाड कुठे मोडले याच्याशी डॉक्टरांना फारसे कर्तव्य नसते. कायद्याच्या लेखी मात्र सगळा प्रश्न त्याच पत्त्याचा असतो. रस्ता ओलांडताना मोटरसायकलने उडवले असेल, तर बाईंच्या पाठीशी शंभर वर्षांत घडत आलेला कायदा आणि सक्तीचा विमा उभा आहे. लोकलमधून उतरताना गर्दीच्या रेट्याने फलाटावर आपटल्या असतील, तर रेल्वेचे वेगळे न्यायाधिकरण आणि ठरलेला तक्ता आहे. पालिकेच्या उघड्या गटारात पाय गेला असेल, तर कालपरवापर्यंत अनेक वर्षांचा दिवाणी दावा आणि नशीब, एवढेच होते. आणि वृद्धाश्रमात मध्यरात्री तीनदा हाका मारूनही कुणी आले नाही म्हणून एकट्या उठल्या आणि न्हाणीघरात घसरल्या असतील, तर? तर बहुधा काहीच होत नाही. 'वय झालं होतं' एवढ्यावर फाइल मिटते. बऱ्याचदा फाइल उघडलेलीच नसते.

शारीरिक इजेच्या भरपाईचा आपल्याकडचा सगळा कायदा नजरेखालून घातला की एक गोष्ट ठळक दिसते. पैसे कोणी द्यायचे हे जिथे आधीच ठरवून ठेवले आहे, तिथे न्याय हळू का होईना मिळतो. जिथे ते ठरलेले नाही, तिथे पुस्तकातला हक्क पुस्तकातच राहतो.

या कायद्याची सुरुवात इंग्रजांच्या काळात झाली. इंग्लंडच्या जुन्या न्यायात माणूस जखमी झाला तर तो भरपाई मागू शकत असे, पण मेला तर त्याच्याबरोबर दावाही मरत असे. मारून टाकणे जखमी करण्यापेक्षा स्वस्त पडे. १८४६ मध्ये तिथल्या संसदेने हे बदलले. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावल्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, तसाच प्राणांतिक अपघात कायदा हिंदुस्थानात आला. पुढे अपकृत्यांचा, म्हणजे ज्याला वकील 'टॉर्ट' म्हणतात त्याचा, एकसंध कायदा आपल्याकडे कधी झालाच नाही. करार, मालमत्ता, फौजदारी यांच्या संहिता झाल्या. शेजाऱ्याच्या हयगयीने हात मोडला तर काय, याची संहिता नाही. त्यामुळे जिथे जिथे लोकांचा रेटा आला तिथे तिथे स्वतंत्र कायदा झाला आणि बाकीची जागा मोकळीच राहिली.

सर्वांत मोठा रेटा रस्त्यावरून आला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या इजेसाठी विमा सक्तीचा केला. १९५६ च्या दुरुस्तीने राज्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापण्याची वाट मोकळी केली, म्हणजे दिवाणी दाव्याची भलीमोठी कोर्ट फी आणि लांबण दोन्ही टळले. तरीही चालकाची चूक सिद्ध करण्याचा भार जखमीच्याच डोक्यावर होता. मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो भार पक्का केला. चूक नाही तर भरपाई नाही. त्यानंतर पाच वर्षांनी संसदेने दुरुस्ती केली आणि चूक न पाहता मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व नवे होते. आज १९८८ च्या कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर मृत्यूला ५ लाख आणि गंभीर जखमेला अडीच लाख ठरले आहेत.

या तत्त्वाची कसोटी सातारा जिल्ह्यात लागली. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी घासून उलटला. पेट्रोल गळत राहिले, उजाडल्यावर आसपासची माणसे जमली, आणि अपघातानंतर चार तासांनी स्फोट झाला. अनेक जण होरपळून गेले. विमा कंपनीचे म्हणणे असे, की पडलेला टँकर म्हणजे 'वाहनाचा वापर' नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे म्हणणे नाकारले. वाहन चालते असो वा आडवे पडलेले, त्याच्या वापरातून उद्भवलेल्या इजेची जबाबदारी संपत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. देशभरच्या न्यायाधिकरणांत हा निकाल आजही दाखवला जातो.

रस्त्यावरच्या कायद्याला गणित आले ते २००९ मध्ये. तोवर एका जिल्ह्यात एका न्यायाधीशाने दिलेली रक्कम शेजारच्या जिल्ह्यातल्या रकमेशी जुळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणकाचा तक्ता घालून दिला, आणि २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भविष्यातल्या वाढीव कमाईचे टक्के ठरवले. न्यायालयाच्या आवारात हे दोन निकाल 'सरला वर्मा' आणि 'प्रणय सेठी' या नावांनी इतके रुळले आहेत, की वकिलाचा कारकूनही बोटांवर हिशेब करून दाखवतो.

तो हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. समजा, अडतीस वर्षांचा गवंडी, महिना १५ हजार कमावणारा. घरात बायको, दोन मुले आणि आई. तो अपघातात गेला. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून कमाईत ४० टक्के भर: २१ हजार. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. छत्तीस ते चाळीस या वयाला गुणक १५. म्हणजे २८ लाख ३५ हजार. त्यावर अंत्यविधी, मालमत्तेचे नुकसान आणि सहवासाला मुकणे यांच्या ठरीव रकमा. बारावी पास झालेल्या मुलीलाही कळेल असे हे गणित आहे, आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते. विधवेला समोरच्या टेबलावरच्या विमा अधिकाऱ्याची मेहेरबानी लागत नाही. तिला आकडा आधीच माहीत असतो.

या गणितात ज्यांची कमाई कागदावर दिसत नाही त्यांचे काय, हा प्रश्न न्यायालयांना फार वर्षे सतावत होता. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरच्या टाटा कारखान्यातल्या संस्थापक दिनाच्या समारंभात आग लागली. मृतांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेची किंमत महिना ३ हजार धरली. २०२१ च्या एका निकालात तर न्यायालयाने वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीचाच आधार घेतला: बाई घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. गृहिणीलाही भविष्यातल्या वाढीचे टक्के मिळू शकतात हे तिथे मान्य झाले. घरकामाला मोल नाही असे म्हणणाऱ्या समाजात ते मोल ठरवण्याचे काम आधी अपघाताच्या न्यायालयांनी केले, याची नोंद आपल्या स्त्री चळवळीच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

जिवंत राहिलेल्यांच्या बाबतीत कायदा आणखी बारकाईने पाहतो. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावरचा अपंगत्वाचा टक्का आणि कमावण्याच्या ताकदीतली घट एकच नव्हेत, असे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. बावन्न वर्षांचे एक वकील कमरेखाली अधू झाले, त्यांच्या १९९५ मधल्या निकालाने खर्चाची भरपाई आणि न मोजता येणाऱ्या दुःखाची भरपाई अशी विभागणी रुजवली. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०२० मधला निकाल. बारा वर्षांची मुलगी, ट्रकची धडक, शंभर टक्के अपंगत्व, आणि बुद्धी नऊ महिन्यांच्या बाळाएवढीच उरलेली. न्यायालयाने विचारले, तिला आयुष्यभर सांभाळायला काय लागेल? दोन सेविका, प्रत्येकी महिना ५ हजार, गुणक १८. एवढ्या एका बाबीखाली २१ लाख ६० हजार. इथे कमाई बाजूला राहिली आणि देखभालीच्या खर्चाने माप घेतले गेले. हे माप लक्षात ठेवावे, वृद्धाश्रमाच्या दारात त्याची गरज पडणार आहे.

एवढे असूनही रस्त्यावरचा जखमी वाऱ्यावर का? २०२३ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ७२ हजार ८९० माणसे मेली, साडेचार लाखांहून अधिक जखमी झाली. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास मृत्यू होतात. कायदा आणि माणूस यांच्यात कागद आडवा येतो. पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात' हे ठरीव वाक्य असते. ते कुणाच्या नावापुढे लिहिले गेले यावर पुढची दहा वर्षे ठरतात. शुद्धीवर नसलेल्या जखमीच्या नावापुढे ते गेले, की भरपाईत 'त्याचीही चूक' म्हणून कपात. म्हणूनच २०२२ च्या नियमांनी पोलिसांवर बंधन घातले आहे: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा अहवालच दावा म्हणून चालवता येतो. त्या वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. हे नीट पाळले गेले, तर अपघातानंतर दवाखान्याच्या दारात घिरट्या घालणाऱ्या दलालांचे काम उरणार नाही. वकिलाने निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेणे बार कौन्सिलच्या नियमांना मंजूर नाही. तरीही टक्क्यांचे सौदे होतात, हे न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मुदतीचा फटका वेगळाच. १९९४ मध्ये दावा दाखल करण्याची कालमर्यादा काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांची पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. घरचा कर्ता पुरुष गेलेल्या, दिवसकार्य आणि कर्जवसुली यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाला सहा महिने म्हणजे काय असतात, ते हा बदल लिहिणाऱ्यांनी पाहिलेले नसावे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. उशिराच्या कारणावरून दावे तूर्त फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

धडक देऊन पळालेल्या वाहनांची गोष्ट तर मन खिन्न करणारी आहे. अशा मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात, वाहनाचा पत्ता लागला नाही तर. २०२२ मध्ये असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. आणि २०२२-२३ या वर्षात देशभरातून अर्ज आले २०५, निकाली निघाले ९५. हे आकडे सर्वोच्च न्यायालयापुढेच आले. पैसा होता, नियम होता, अर्ज नव्हता. योजना आहे हे त्या घरांना सांगणार कोण? फिर्याद लिहून घेणारा हवालदार दोन ओळींत सांगू शकतो.

दावा जिंकूनही रक्कम न पोहोचणे हा आणखी एक प्रकार. एसटी महामंडळासारख्या परिवहन उपक्रमांना विम्यातून सूट आहे, ते स्वतःच्या निधीतून देतात. ती रक्कम थकली की न्यायालयाचा बेलीफ आगारात येतो आणि बस जप्त होते. दुसऱ्या टोकाला, न्यायाधिकरणांत जमा झालेली पण कुणी न उचललेली रक्कम इतकी साचली, की सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन २०२५ मध्ये निर्देश द्यावे लागले. पत्ता बदललेला, बँक खाते नाही, वकील वारला. पैसे असूनही घर कोरडेच.

रेल्वेचा कायदा सरळ आहे आणि मुंबईकरांना त्याची सर्वांत जास्त गरज लागते. उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जिवाला मुकतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गाडीतून पडणे हा 'अनुचित प्रसंग' ठरतो आणि रेल्वेची चूक न पाहता भरपाई देय होते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती ८ लाख आहे, आधी ४ लाख होती. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य आणि नैसर्गिक आजार एवढेच अपवाद. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळण्याची जुनी खोड सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोडली. नातेवाइकांनी प्रतिज्ञापत्राने प्राथमिक माहिती दिली की पुढचा भार रेल्वेवर जातो. चढता-उतरता पडणे म्हणजे 'स्वतःहून करून घेतलेली इजा' नव्हे, हेही त्याच निकालात आले. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात उभे राहणे हा प्रवाशाचा निष्काळजीपणा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले आहे. ज्याने सकाळी साडेआठला डोंबिवलीहून गाडी पकडली आहे त्याला हे न्यायालयाने सांगावे लागत नाही. पण रेल्वेचे वकील अजूनही तो मुद्दा काढतात.

इथेही पहिला कागदच जिंकवतो किंवा हरवतो. स्टेशन मास्तरच्या मेमोत 'गाडीतून पडून' असे आले तर ८ लाख. 'रूळ ओलांडताना' असे आले तर शून्य, कारण रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे आणि ओलांडणारा प्रवासी धरला जात नाही. रुळांमध्ये सापडलेल्या देहावरून हे दोन शब्दप्रयोग वेगळे करणारे कुणी तिथे नसते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसे पडली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिले. एरवी एकेकटा पडणारा माणूस मेमोतल्या दोन शब्दांच्या हवाली असतो. दाव्याची मुदत एक वर्ष. मुंबईत आणि नागपुरात न्यायाधिकरणाची खंडपीठे आहेत.

खड्ड्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे आत्ता कुठे दार उघडले आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. शहर हळहळले, पण कायद्यात तेव्हा ठरलेले काही नव्हते. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख असा दर ठरवून दिला, आणि रक्कम ठरवायला पालिका आयुक्त व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती नेमायला सांगितले. ही रक्कम ठेकेदाराकडून आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसूल करण्याची मुभाही ठेवली. चांगल्या रस्त्यावर चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही त्यामागची भूमिका. मोठ्या दुर्घटनेनंतर मंत्री जे जाहीर करतात ते सानुग्रह अनुदान, म्हणजे कृपा. ही कृपा नव्हे. या दोन शब्दांतला फरक मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही दिसायला हवा.

आता शेवटचा पत्ता, वृद्धाश्रम. मराठीत 'नर्सिंग होम' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते बाळंतपणाचे किंवा छोटे खाजगी रुग्णालय. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाही त्यांच्यासाठीच वापरला जातो. पण त्या कायद्यातली व्याख्या वाचली तर आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलता हा शब्दही तिथे आहे: अशा माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा पुरवणारी जागा. पुण्या-नाशकात बंगले भाड्याने घेऊन उभी राहिलेली, वीस-पंचवीस अंथरुणाला खिळलेली माणसे ठेवणारी, नळीवाटे अन्न भरवणारी ठिकाणे या व्याख्येत सरळ बसतात. दारावर पाटी 'वृद्धाश्रम' किंवा 'केअर सेंटर' अशी असल्याने त्यांच्याकडे रुग्णालय म्हणून पाहिले जात नाही. शुश्रूषा मिळते म्हणून पैसे घ्यायचे आणि जबाबदारीची वेळ आली की 'आम्ही फक्त राहण्याची सोय करतो' म्हणायचे.

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा इथे अपुरा पडतो. तो मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवण्याचा कायदा आहे. त्यातल्या चोविसाव्या कलमात वृद्धाला कायमचे टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण टाकून न देता, खोलीत ठेवून, दुर्लक्ष करणाऱ्याचे काय? देखभाल केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले, आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले.

दुर्लक्षाचा पुरावा नसतो असे म्हणतात. ते खरे नाही. रस्त्यावर जसा पंचनामा, तसा अंथरुणावर पाठीच्या कातडीवरचा लेखा असतो. हलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ते झाले नाही की माकडहाड, टाचा, खुबे इथली कातडी आधी लाल होते, मग फोड येतो, मग मांस उघडे पडते, आणि शेवटी हाड दिसू लागते. हाडापर्यंत गेलेली जखम एका रात्रीत होत नाही. न बदललेल्या कुशींची ती मोजदाद असते. मनगटावरचे वळ बांधून ठेवल्याचे सांगतात. सतत गुंगीत असलेली आजी झोपेच्या गोळ्यांचे सांगते. घटलेले वजन, कोरडी जीभ, महिन्यात दोनदा पडणे, हे सगळे वाचता येते. जिथे वस्तुस्थितीच बोलते तिथे खुलासा देण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर टाकता येते, हे हयगयीच्या कायद्यातले जुने तत्त्व आहे.

आणि दाद मागायला जागाही आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. महिन्याचे शुल्क घेणारी देखभालही सेवाच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, दिलेले शुल्क ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागता येते. आई पुण्यात आणि मुलगा न्यू जर्सीत अशी जी घरे आपल्यात आता ठिकठिकाणी आहेत, त्यांच्यासाठी ही सोय फार कामाची आहे. मुदत दोन वर्षे. संपूर्ण विनामूल्य चालणारे आश्रम मात्र या कायद्याबाहेर राहतात, तिथे दिवाणी दावा उरतो. मृत्यूच ओढवला तर हयगयीने मृत्यू घडवण्याबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे १०६ वे कलम आहे.

तरी तक्रारी होत नाहीत. 'आपणच ठेवलं' ही टोचणी मुलांना बोलू देत नाही. तक्रार केली तर 'उद्या घेऊन जा' म्हणतील ही भीती, आणि नेणार कुठे? प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदावर 'संस्था जबाबदार राहणार नाही' अशी ओळ असते, आणि ती ओळ म्हणजे कायदा असे लोक धरून चालतात. हयगयीची जबाबदारी अशा एकतर्फी ओळीने धुऊन जात नाही, आणि ग्राहक आयोगापुढे ती निमूट मान्य करण्याचे कारण नाही. स्मृतिभ्रंश झालेली आजी साक्ष देऊ शकत नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी ते गणित आहे. पासष्टीपुढच्या माणसाला गुणक ५, आणि कमाई शून्य. पाचाला शून्याने गुणले की काय उरते ते वकील आधीच सांगतो आणि प्रकरण घेत नाही.

म्हणून माझे ठाम मत असे, की म्हाताऱ्या माणसाच्या इजेला कमाईचे माप लावूच नये. बारा वर्षांच्या त्या मुलीला लावलेले माप लावावे: हयगयीमुळे जी जास्तीची देखभाल लागली तिचा खर्च, उपचार, आणि वेदनेची वेगळी रक्कम. तसे केले तर हाडापर्यंत गेलेल्या जखमेची किंमत काही लाखांत जाईल आणि रात्रपाळीला एका मावशीऐवजी दोन मावश्या ठेवणे संस्थेला स्वस्त वाटू लागेल. मोटारीला जसा सक्तीचा विमा, तसा प्रत्येक खाटेमागे विमा हवा. नोंदणी हवी. पडणे, जखम, बेपत्ता होणे अशा प्रत्येक घटनेचा ४८ तासांत अहवाल हवा, रस्त्यावरच्या अपघाताचा द्यावा लागतो तसाच. चांगले, जीव ओतून चालवलेले आश्रम महाराष्ट्रात आहेत. विम्याने त्यांचे नुकसान नाही, उलट वाईट शेजाऱ्यांपासून सुटका आहे.

विधानसभेने हे करायला हवे. तोवर वाचकांकडे एक मागणे आहे. पुढच्या रविवारी वृद्धाश्रमात भेटायला जाल तेव्हा खाऊचा डबा देऊन, पाच मिनिटे बोलून निघू नका. आईची पाठ उघडून बघा. टाचा बघा. दोन कुशींच्या मध्ये किती तास गेले ते मावशींना विचारा. काही दिसले तर फोटो काढा, खाली तारीख लिहा, आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या.